करवीर संस्थानातील राखीव जागांचा हुकूम (१९०२)

करवीरचे (कोल्हापूर) छत्रपती शाहू महाराज यांच्या सरकारने संस्थानी नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी जागा राखून ठेवण्याबाबत काढलेला हुकूम. त्याची तारीख सामान्यतः २६ जुलै १९०२ अशी दिली जाते. त्या सुमारास महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेत होते. त्यामुळे हुकमाचा विचार त्यांच्या प्रस्थानापूर्वीच पक्का झाला असावा.

हुकूम मोजक्या वाक्यांचा असला तरी त्याची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. हुकमाच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निदान निम्म्या मागास वर्गांतील उमेदवारांना द्याव्यात, हे त्याचे पहिले कलम सर्वपरिचित आहे. त्यापुढील कलम मात्र क्वचितच उद्धृत होते. ज्या कचेरीत या वर्गांतील अंमलदारांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल, तेथील पुढची नेमणूक त्यांच्यापैकीच एकाची व्हावी, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे केवळ रिकाम्या जागा मोजून न थांबता प्रत्येक कचेरीतील एकूण प्रमाणही पाहायचे होते. प्रत्येक खातेप्रमुखाने नेमणुकांचा तिमाही तक्ता हुजुरास पाठवावा, अशीही आज्ञा होती. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सर्व जाती म्हणजे मागास वर्ग, अशी व्याख्या शेवटी दिली आहे.

या हुकमास भारतातील पहिले आरक्षण म्हणावे काय, याबद्दल मतभेद आहेत. म्हैसूर संस्थानात १८७४च्या सुमारास पोलीस खात्यातील जागांची ब्राह्मण व ब्राह्मणेतर अशी वाटणी झाल्याचे उल्लेख आढळतात. पण ती व्यवस्था एका खात्यापुरती होती. सर्व खात्यांना लागू असलेला आणि अंमलबजावणीचा हिशेब मागणारा पहिला हुकूम म्हणून करवीरचे स्थान मान्य करणे अधिक सयुक्तिक वाटते. म्हैसूरमध्ये नोकऱ्यांतील मागास वर्गांच्या प्रतिनिधित्वाचा विचार करणारी मिलर समिती (१९१८) आणि मद्रास इलाख्याचा जातवार प्रतिनिधित्वाचा आदेश (१९२१) हे त्यानंतरचे.

हुकमाच्या प्रेरणेविषयीही एकमत नाही. काही अभ्यासक त्याचा उगम १८९९च्या सुमारास पंचगंगेच्या घाटावर सुरू झालेल्या वेदोक्त प्रकरणात, म्हणजे महाराजांचे धार्मिक विधी वेदोक्त मंत्रांनी व्हावेत की पुराणोक्त, या वादात पाहतात. ते प्रकरण कारणीभूत झाले हे नाकारता येत नाही. तथापि १८९४ साली राज्यकारभार हाती आला तेव्हा ७१ वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते, ही नेहमी दिली जाणारी आकडेवारी ग्राह्य धरल्यास, असंतोषाचे मूळ त्याआधीचे ठरते. शिकलेले उमेदवारच मिळेनात, ही अडचण महाराजांनी ओळखली होती; १९०१पासून निघालेली वसतिगृहे आणि १९१७चा सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय यांचा विचार त्या हुकमाबरोबरच केला पाहिजे.

मागास वर्गांसाठी सरकारी नोकऱ्यांत आरक्षणाची मुभा देणाऱ्या संविधानातील अनुच्छेद १६(४) शी या हुकमाचा संबंध जोडताना निम्म्या जागांच्या आकड्यावर भर दिला जातो, तो फसवा आहे. करवीरात निम्मा वाटा ही किमान मर्यादा होती. संविधान सभेत ३० नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आरक्षण अल्पसंख्य जागांपुरते असावे, अशी भूमिका मांडली आणि इंद्रा साहनी खटल्यात (१९९२) सर्वोच्च न्यायालयाने ५० टक्के ही कमाल मर्यादा ठरवली. खरे साम्य दुसऱ्या कलमात आहे: टक्केवारी रिकाम्या होणाऱ्या जागांवर मोजायची की संवर्गातील एकूण पदांवर, या प्रश्नावर सभरवाल खटल्यात (१९९५) न्यायालयाने पदांच्या बाजूने कौल दिला आणि आजची बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या प्रवर्गासाठी हे क्रमवार दाखवणारी नोंदवही) त्याच तत्त्वावर भरली जाते.

अस्पृश्यांसाठी वेगळा वाटा हुकमात नव्हता; एकाच व्याख्येत मराठा, जैन, मुसलमान आणि अस्पृश्य एकत्र आले होते. मागासांतील अधिक मागासांचे काय, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहिला. अनुसूचित जातींपुरते त्याचे न्यायालयीन उत्तर १ ऑगस्ट २०२४ रोजी मिळाले. सात न्यायमूर्तींच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणास मान्यता दिली.