512 टोकांचा रेणू

पेशीभोवतीचं पटल म्हणजे मेदरेणूंची दुपदरी चादर. जाडी जेमतेम 5 नॅनोमीटर. या चादरीला तेवढ्याच आकाराचा एखादा कृत्रिम गोळा येऊन चिकटला, तर काय होतं?

असा गोळा म्हणजे डेंड्रिमर. ग्रीकमधल्या ‘झाड’ या शब्दावरून आलेलं हे नाव, कारण रेणूला फांद्या, त्या फांद्यांना पुन्हा फांद्या. मला मात्र त्यात कदंबाचं फूल दिसतं: मधे गाभा, चहूबाजूंनी टोकं. अमेरिकेतल्या डाऊ केमिकलमध्ये डोनाल्ड टोमालिया यांनी घडवलेला ‘पामाम’ हा त्यातला सगळ्यांत परिचित. तो पिढ्यापिढ्यांनी वाढतो. शून्याव्या पिढीला 4 टोकं, मग दर वेळी दुप्पट. पाचवीला 128, सातवीला 512. टोकांवर अमाइन, म्हणजे नायट्रोजन असलेले गट असतात आणि ते पाण्यात धनप्रभार घेतात. डीएनए ऋणप्रभारी, म्हणून तो या गोळ्याला घट्ट बिलगतो. जनुकं पेशीत पोचवायला असा हमाल बराच. पण हमाल दारातून शिरतो की भिंत फोडून?

मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2004 मध्ये याचं उत्तर चक्क चाचपून काढलं. अभ्रकावर पसरलेल्या मेदपटलावरून त्यांनी अणुबल सूक्ष्मदर्शकाची सुई फिरवली. सातव्या पिढीच्या गोळ्यांनी धड पटलाला 15 ते 40 नॅनोमीटरची भोकं पाडली होती. पाचव्या पिढीला ते जमलं नाही. तिनं आधीचीच भोकं रुंदावली. एक अंदाज असा, की गोळा मेदरेणू स्वतःभोवती गुंडाळून घेतो आणि त्या पांघरुणासकट निघून जातो.

गंमत म्हणजे पटल गार करून थिजवलं, गोठलेल्या तुपासारखं, की भोकं पडत नाहीत. जिवंत पेशींतही 37 अंशांना आतलं विकर (एन्झाइम) बाहेर झिरपलं, 6 अंशांना ते झिरपणं बरंच घटलं.

पाचव्या पिढीच्या टोकांवर अॅसिटिल गटांची टोपणं चढवली, तर भोकं रुंदावणंही थांबलं. आकार जवळपास तोच, फक्त प्रभार गेला. झालं तर मग, सगळीच टोकं झाकावीत? तसं करता येत नाही, कारण डीएनए धरायला त्या गोळ्याकडे हात म्हणून तीच टोकं आहेत. म्हणून काही झाकायची, काही उघडी ठेवायची, असा हिशेब मांडत बसावं लागतं.