पेठेच्या ज्युनिअर संघातून सीनियर संघात: कोल्हापुरात फुटबॉल खेळाडूची नोंदणी, पात्रता आणि कागदपत्रे

मे महिन्यातल्या गल्लीच्या स्पर्धा संपल्या की पालक मैदानावर येऊन विचारतात, "पोरगं बरं खेळतंय, संघात नाव घालायचंय, काय काय लागंल?" बऱ्याच वर्षांपासून मी एका पेठेच्या संघाची कागदपत्रं सांभाळतो. या प्रश्नाचं उत्तर दरवर्षी तोंडी देतो, आज ते लिहून ठेवतो आहे.

आधी एक फरक समजून घ्या. संघात येणं वेगळं आणि संघाकडून नोंदणी होणं वेगळं. पहिलं मैदानावर ठरतं, दुसरं कागदावर. मैदानावरचं काम मुलगा चोख करतो. अडतं ते कागदावर, आणि तिथे चूक बहुतेक वेळा आपल्या मोठ्यांची असते.

संघात येण्याची वाट

कोल्हापूरचे संघ पेठांचे आणि तालमींचे आहेत. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही तालीम मंडळं, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. जिथे कुस्तीची माती होती, तिथल्याच पोरांनी फुटबॉल उचलला. त्यामुळे लहान मुलाला संघात यायला छापील अर्ज लागत नाही. मोठ्या संघाचा सराव चालू असतो, कडेला दहा-बारा वर्षांची पोरं चेंडू आणून देतात, मग त्यांचाच एक छोटा गट होतो आणि कुणीतरी जुना खेळाडू त्यांना शिकवायला लागतो.

आता काही संघ उन्हाळ्यात निवड चाचणीही घेतात. चाचणीला जाताना शूज, शिनगार्ड (नडगीला मार लागू नये म्हणून बांधायच्या पट्ट्या), पाण्याची बाटली आणि वयाच्या दाखल्याची झेरॉक्स घेऊन जा. प्रशिक्षक पहिल्या दिवशी गोल मोजत नाहीत. चेंडू नसताना मुलगा कुठे उभा राहतो, चेंडू गमावल्यावर मागे धावतो का, दोन्ही पाय वापरतो का, हे बघतात. उंची आणि ताकद बघून तेरा वर्षांच्या मुलाची निवड करणारा प्रशिक्षक घाई करतो, असं माझं मत आहे. उशिरा वाढणारी कितीतरी पोरं या घाईत गळाली आहेत.

तुम्हीही प्रशिक्षकाला एक प्रश्न विचारा: परवाना कोणता आहे? अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा 'डी' परवाना ही सुरुवातीची पायरी, त्यावर 'सी', 'बी', 'ए'. पेठेतल्या जुन्या जाणत्या खेळाडूकडे परवाना नसेल, तरी त्याच्यासोबत परवाना असलेला एक माणूस मैदानावर हवा. हे विचारण्यात कसलाही अपमान नाही.

वय: इथे सगळं अडतं

फुटबॉलमध्ये वयोगट जन्मवर्षावर ठरतो, शाळेच्या इयत्तेवर नाही. 1 जानेवारी ते 31 डिसेंबर हे वर्ष धरतात. जूनमध्ये शाळा सुरू होते म्हणून पालक त्या हिशेबाने वय मोजतात आणि गट चुकतो. डिसेंबरात जन्मलेला मुलगा जानेवारीत जन्मलेल्या मुलाशी एकाच गटात खेळतो. अकरा महिन्यांचा हा फरक बाराव्या-तेराव्या वर्षी अंगावर दिसतो. वर्षअखेरीस जन्मलेल्या मुलाला म्हणून थोडा वेळ द्यावा लागतो.

वयाचा पहिला पुरावा म्हणजे जन्मदाखला. तो राहत्या गावात मिळत नाही, जिथे जन्म झाला तिथे मिळतो. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी होतं. म्हणजे मुलगा कोल्हापुरात वाढलेला, पण नोंद असते आईच्या माहेरच्या ग्रामपंचायतीत किंवा त्या गावाजवळच्या नगरपालिकेत. नोंदणीच्या आदल्या दिवशी हे लक्षात येतं आणि मग धावाधाव.

दुसरी अडचण दाखल्यावर नाव नसण्याची. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते, तेव्हा बारसंही झालेलं नसतं. म्हणून दाखल्यावर आईवडिलांची नावं, तारीख, लिंग एवढंच असतं आणि बाळाच्या नावाची जागा रिकामी. नाव नंतर घालता येतं: पहिल्या वर्षात विलंब शुल्काशिवाय आणि नियमाप्रमाणे पंधरा वर्षांपर्यंत शुल्क भरून. आमच्या संघातला एक गोलरक्षक चौदा वर्षांचा असताना ही रिकामी जागा आमच्या ध्यानात आली. त्याची आई सलग तीन आठवडे माहेरच्या गावी फेऱ्या मारत होती. मुलगा लहान असेल तर आजच दाखला काढून बघा.

जन्माची नोंदच झाली नसेल तर काम वाढतं. तीस दिवसांनंतर लेखी परवानगी लागते आणि वर्ष उलटून गेलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. त्याआधी स्थानिक कार्यालयाकडून अनुपलब्धता दाखला, म्हणजे 'आमच्याकडे अशी नोंद नाही' असं पत्र, घ्यावं लागतं. नोंद जितकी उशिराची, तितके प्रश्न जास्त. मोठ्या वयोगटाच्या स्पर्धांत नोंदणीची तारीख बारकाईने तपासतात. जन्म आणि नोंदणीत आठ-दहा वर्षांचं अंतर दिसलं की शाळेचे जुने कागदही मागतात.

आधार कार्ड हे ओळखीचं कार्ड आहे, वयाचा पक्का पुरावा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही 2024 मध्ये एका प्रकरणात वय ठरवताना आधारपेक्षा शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख ग्राह्य धरली. तरीही आधार लागतंच आणि त्यावरची तारीख जन्मदाखल्याशी जुळलीच पाहिजे. पाचव्या आणि पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे अद्ययावत करावे लागतात. पंधराव्या वर्षाचं हे काम बहुतेक घरांत राहून गेलेलं असतं.

आणि आता ज्याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे ते. वय कमी लावू नका. "एक वर्ष कमी लावलं तर अजून दोन स्पर्धा खेळंल" असं सुचवणारे भेटतात, कधी नात्यातले, कधी मैदानावरचेच. फुटबॉलची जागतिक संघटना फिफा 2009 पासून 17 वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय वापरते. आपल्याकडेही कनिष्ठ गटांत मनगटाच्या हाडांवरून वय तपासतात. कागद खोटा असला तरी हाड खरं बोलतं. आणि पकडला जातो तो मुलगा. ज्याने तारीख बदलली तो कधीच पुढे येत नाही. न पकडला गेला तरी नुकसान होतंच. आपल्यापेक्षा लहान पोरांना ताकदीने हरवायची सवय लागते, पायातलं कसब वाढत नाही, आणि अठराव्या वर्षी बरोबरीची माणसं समोर आली की तो दिसेनासा होतो. असा एक मुलगा मी जवळून पाहिला आहे. फार चांगला खेळायचा.

कागदपत्रांची फाइल

एक प्लास्टिकची फाइल करा आणि मूळ प्रती व झेरॉक्स वेगवेगळ्या ठेवा. त्यात हे हवं:

- संगणकावर काढलेला, मुलाचं पूर्ण नाव असलेला जन्मदाखला
- आधार कार्ड, आणि शक्य असेल तर पासपोर्ट
- शाळेचा बोनाफाइड. शाळा बदलली असेल तर आधीच्या शाळेचा दाखला
- साध्या पार्श्वभूमीवरचे अलीकडचे फोटो
- आईचं किंवा वडिलांचं संमतिपत्र आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र
- डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र
- आधी दुसऱ्या संघाकडून नोंद असेल तर त्या संघाचं ना-हरकत पत्र

सगळ्या कागदांवर नाव एकाच पद्धतीने लिहिलेलं हवं. दाखल्यावर मुलाचं नाव आधी, आधारवर आडनाव आधी, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर कमी, असं असलं की अर्ज परत येतो. मुलींसाठीही हीच कागदपत्रं. पेठेत मुलींचा संघ नसेल तर शाळेचा संघ आणि जिल्ह्याची निवड चाचणी ही वाट धरा.

नोंदणी दोन ठिकाणी

पहिली नोंदणी कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे, आपण जिला केएसए म्हणतो. शाहू स्टेडियमवरची लीग हीच संस्था घेते. हंगामापूर्वी ती नोंदणीच्या तारखा जाहीर करते. त्या तारखांत संघाचा प्रतिनिधी आणि खेळाडू कागदांसह हजर राहतात. एका संघाने किती खेळाडू नोंदवायचे आणि त्यात बाहेरचे किती, हे त्या हंगामाच्या परिपत्रकात असतं. ते संघाच्या कार्यालयात बसून वाचा. मैदानावरच्या ऐकीव माहितीवर राहू नका.

दुसरी नोंदणी देशपातळीवरची. केएसए वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी, म्हणजे 'विफा'शी, संलग्न आहे आणि विफा अखिल भारतीय महासंघाशी. महासंघाची खेळाडू नोंदणीची एक ऑनलाइन प्रणाली आहे, मैदानावर तिला सगळे सीआरएस म्हणतात. त्यात खेळाडू स्वतः अर्ज करत नाही. संघ आपल्या लॉगिनमधून माहिती भरतो, कागद चढवतो आणि राज्य संघटना तपासून मंजुरी देते. मग खेळाडूला कायमचा क्रमांक मिळतो. पुढे मुलगा कोणत्याही संघात गेला तरी क्रमांक तोच राहतो. तो लिहून घ्या आणि संघाकडून नोंदीची प्रत मागून घ्या. जन्मतारीख चुकीची टाइप झाली असेल तर त्याच आठवड्यात दुरुस्त करून घ्या.

एका वेळी एकाच संघाकडून नोंद राहते. फिफाच्या नियमानुसार एका हंगामात जास्तीत जास्त तीन संघांकडे नोंद होऊ शकते आणि अधिकृत सामने त्यांतल्या दोनच संघांकडून खेळता येतात. दोन पेठांच्या अर्जांवर एकदम सही करणारा मुलगा दोन्हीकडून अडकतो.

सही करण्याआधी

अठरा वर्षांखालील मुलाला स्वतः करार करता येत नाही. सही पालकाची लागते, म्हणून वाचण्याची जबाबदारीही पालकाची. अर्जावर 'हौशी' लिहिलं आहे की 'व्यावसायिक', हे पहिल्यांदा बघा. लेखी करार आहे आणि खेळाडूला त्याच्या खर्चापेक्षा जास्त पैसे मिळतात, तर तो व्यावसायिक. बाकी सगळे हौशी. किट, प्रवास, नाश्ता मिळाला म्हणून कुणी व्यावसायिक होत नाही.

व्यावसायिक करार असेल तर मुदत बघा. फिफाच्या नियमांत अठरा वर्षांखालील खेळाडूचा करार जास्तीत जास्त तीन वर्षांचा असतो. पाच वर्षांचा कागद समोर ठेवला तर सही करू नका. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या बदली अर्जावर (एका संघातून दुसऱ्या संघात जाण्याच्या अर्जावर) तर कधीच नाही, मग समोरचा माणूस कितीही घरचा असो. सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

"मोठ्या संघात घालतो, एवढे द्या" म्हणणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच ठेवा. अधिकृत एजंटलाही लहान खेळाडूशी बोलायला पालकांची लेखी परवानगी लागते, तीही पहिल्या व्यावसायिक कराराच्या वयाआधी जास्तीत जास्त सहा महिने. आणि परदेशी क्लबच्या नावाने कुणी आलं तर एवढं लक्षात ठेवा की अठरा वर्षांआधी आंतरराष्ट्रीय बदलीला फिफाची मनाई आहे, अपवाद मोजके आणि कडक.

सीनियर संघाची पायरी

नोंद झाली म्हणजे सीनियर संघात जागा मिळाली असं नाही. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आधी सीनियर खेळाडूंसोबत सरावाला येतो. काही महिने तेवढंच. मग राखीव बाकावर बसतो, मग निकाल जवळपास ठरलेल्या सामन्यात शेवटची दहा मिनिटं मिळतात. शाहू स्टेडियमच्या भरलेल्या गॅलरीसमोरची ती दहा मिनिटं सरावाच्या सहा महिन्यांएवढं शिकवतात. पण लीगमधले धक्के मोठ्या माणसांचे असतात, म्हणून अंग भरण्याआधी मुलाला सलग पूर्ण सामने खेळवणाऱ्या संघाला पालकांनी थांबवलं पाहिजे. बाहेरून खेळाडू आणून हंगाम जिंकण्याची ओढ सगळ्याच संघांना असते. त्यात आपल्याच पेठेतला ज्युनिअर बाकावर राहतो, हे मला खुपतं.

पेठेबाहेरची वाटही आहे. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शारीरिक क्षमतेच्या चाचण्यांमधून निवड होते आणि मुलाच्या राहण्या-शिकण्याची सोय होते. कोल्हापूरचा अनिकेत जाधव लहानपणीच घर सोडून पुण्यात प्रबोधिनीत गेला आणि 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. वडील रिक्षा चालवायचे.

मंडळांसाठी एक हिशेब

हे पालकांपेक्षा संघांच्या कारभाऱ्यांसाठी. मुलगा बारा वर्षांचा झाला की त्याची रीतसर नोंद करा, कारण फिफाचा प्रशिक्षणाचा हिशेब बाराव्या वर्षापासून सुरू होतो. खेळाडूची पुढे आंतरराष्ट्रीय बदली झाली तर बदलीच्या रकमेतले, म्हणजे नवा संघ जुन्या संघाला देतो त्या पैशांतले, 5 टक्के त्याला घडवणाऱ्या संघांत वाटले जातात: 12 ते 15 या वयातल्या प्रत्येक वर्षाला 0.25 टक्के, 16 ते 23 मधल्या प्रत्येक वर्षाला 0.5 टक्के. समजा मुलगा चार वर्षं, 12 ते 15, तुमच्याकडे नोंदलेला होता आणि पुढे त्याची बदली एक कोटीला झाली. तुमचा वाटा 1 टक्का, म्हणजे एक लाख रुपये. एका मंडळाच्या ज्युनिअर संघाचे चेंडू आणि किट त्यात येतात. नोंद नसेल तर तो मुलगा तुमच्या मैदानावर वाढला हे कागदावर कुठेच दिसत नाही.

नोंदणी साधारण दिवाळीच्या आसपासच्या हंगामासाठी असते, म्हणून फाइल गणपतीआधी पूर्ण करा. ग्रामपंचायतीची फेरी, आधारची दुरुस्ती आणि शाळेचा बोनाफाइड एवढ्याला दोन महिने सहज लागतात. फाइल घेऊन सरावाच्या वेळी मैदानावर या आणि मुलालाही सोबत आणा. आपल्या नावाचे कागद त्याने स्वतः एकदा वाचलेले बरे.