डबा बंद केला तर लाईन बिघडते का?

घरी इंटरनेटचं फायबर जोडून द्यायला येणारा मुलगा निघता निघता एक सूचना हमखास देतो: "अंकलजी, डिब्बा बंद मत करना, लाइन में प्रॉब्लम आ जाएगी." इंदुरात रामबागेपासून सुदामानगरापर्यंत जिथे जिथे हा विषय निघाला, तिथे मला दोन पक्ष दिसले. एक ही सूचना वेदवाक्य मानणारा, दुसरा रात्री झोपताना सगळे खटके बंद करणारा. पहिल्याला लाईनची धास्ती, दुसऱ्याला बिलाची, आणि हल्ली व्हॉट्सअ‍ॅपच्या कृपेने किरणांचीही.

उत्तर आधीच सांगून टाकतो. फायबरचा डबा रात्रीपुरता बंद ठेवल्याने लाईन बिघडत नाही. ती का बिघडत नाही यामागे जे तंत्र आहे ते इतकं देखणं आहे, की खरं तर त्याच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

पण आधी बिलाचा हिशोब उरकून घेऊ. वायफायसकट फायबरचा डबा साधारण १० वॅट वीज घेतो. चोवीस तास चालू असेल तर दिवसाला ०.२४ युनिट, महिन्याला ७.२ युनिट. रात्रीचे ८ तास बंद ठेवला तर महिन्याला २.४ युनिट वाचतात. सात रुपयांचा दर धरला तर सतरा रुपये. एवढ्यासाठी कुणी झोपेतून उठून खटका शोधू नये. मध्य प्रदेशात मात्र एक फरक पडू शकतो. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घराला पहिली १०० युनिटं १०० रुपयांत मिळतात, आणि वापर १५० च्या वर गेला की ही सवलत त्या महिन्यापुरती जाते. ज्यांचं मीटर नेहमी १५० च्या आसपास रेंगाळतं, त्यांना ही दोन-अडीच युनिटं खरोखर महाग पडू शकतात.

आता लाईनकडे वळू. आपल्या घरच्या डब्याला तांत्रिक भाषेत ओएनटी म्हणतात आणि कंपनीच्या केंद्रात बसलेल्या यंत्राला ओएलटी. दोघांना जोडणारा काचेचा तंतू केसाएवढा बारीक असतो, आणि तो आपल्या एकट्याच्या मालकीचा नसतो. वाटेत खांबावर किंवा गल्लीतल्या पेटीत एक स्प्लिटर बसवलेला असतो. त्याला वीज लागत नाही. एका तंतूतून आलेला प्रकाश तो ३२ किंवा ६४ घरांत वाटतो. सध्या सर्रास वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत केंद्राकडून घराकडे १४९० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश येतो, सेकंदाला सुमारे २.५ अब्ज बिट घेऊन. घराकडून केंद्राकडे १३१० नॅनोमीटरचा प्रकाश जातो, सेकंदाला सुमारे १.२४ अब्ज बिट घेऊन. दोन्ही डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणूनच निघालेल्या फायबरच्या टोकात डोकावून पाहायचं नसतं.

केंद्राकडून घराकडे येणारी माहिती सोपी. ती सगळ्यांच्या डब्यांत पोहोचते आणि प्रत्येक डबा फक्त स्वतःची उचलतो. शेजाऱ्याची त्याला वाचता येऊ नये म्हणून ती कूटबद्ध करण्याची सोय असते. अडचण उलट दिशेला आहे. बत्तीस घरांतले बत्तीस लेसर एकाच तंतूत प्रकाश सोडणार. दोघांनी एकदम सोडला तर केंद्राला नुसता गोंधळ ऐकू येईल. त्यामुळे प्रत्येक डब्याला नेमून दिलेली वेळ असते. १२५ मायक्रोसेकंदांच्या (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) प्रत्येक चौकटीत केंद्र सांगतं की अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत तू बोल. बाकी सगळा वेळ त्या डब्याचा लेसर गप्प असायला हवा. एखाद्या बिघडलेल्या डब्याचा लेसर गप्प बसायचं विसरला, तर त्या स्प्लिटरवरच्या सगळ्या घरांचं इंटरनेट लटकतं.

वेळ नेमून देणं ऐकायला सोपं वाटतं. पण घरं वेगवेगळ्या अंतरावर आहेत. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद. समजा एक घर केंद्रापासून एक किलोमीटरवर आहे आणि दुसरं सहा किलोमीटरवर. केंद्राचा हुकूम दुसऱ्या घरी २५ मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो आणि त्याचं उत्तर परत यायलाही तितकाच उशीर होतो. एकूण फरक ५० मायक्रोसेकंदांचा. इतक्या वेळात १.२४ अब्जांच्या वेगाने साठ हजारांहून जास्त बिट निघून जातात. आणि एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यामध्ये मोकळी जागा किती ठेवलेली असते? फक्त ३२ बिटांची. हा काळ सुमारे २६ नॅनोसेकंदांचा, आणि नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचाही हजारावा भाग. तेवढ्यात प्रकाश काचेतून जेमतेम पाच मीटर जातो. एका बिटाची तंतूतली लांबी काढली तर ती १६ सेंटिमीटर भरते. म्हणजे प्रत्येक घर किती लांब आहे हे केंद्राला काही मीटरांच्या आत ठाऊक असायला हवं, आणि हे अंतर त्याला कुणी सांगितलेलं नसतं. फायबर जोडणाऱ्याने गच्चीवर दहा मीटर तार गुंडाळून ठेवली असेल तर तीसुद्धा हिशोबात धरावी लागते.

केंद्र हे अंतर स्वतः मोजतं. या क्रियेला रेंजिंग म्हणतात, आणि आपण खटका चालू केल्यावर डब्यावरचा जो पॉनचा दिवा लुकलुकतो, तो बहुधा हेच चाललंय म्हणून सांगत असतो. नुकताच चालू झालेला डबा आधी फक्त ऐकतो. स्वतःहून एक अक्षर बोलत नाही. केंद्राच्या घड्याळाशी तो आपलं घड्याळ जुळवून घेतो. मग केंद्र ठराविक वेळाने, शाळेतल्या हजेरीसारखं, सगळ्या चालू डब्यांना गप्प करून विचारतं, कुणी नवीन आहे का? ही शांतता सुमारे २५० मायक्रोसेकंदांची असते, कारण वीस किलोमीटरवरच्या घराचं उत्तर यायला जाऊन-येऊन २०० मायक्रोसेकंद लागतात. नवा डबा आपला बारा अक्षरांचा क्रमांक कळवतो, तोच जो डब्याच्या पोटावर छापलेला असतो. यानंतर केंद्र त्या एकाच डब्याला उद्देशून पुन्हा विचारतं, उत्तर यायला किती वेळ लागला ते मोजतं, आणि त्याला एक आकडा देतं: यापुढे बोलण्याआधी इतका वेळ थांबत जा.

जवळच्या घराला जास्त थांबायचा हुकूम, लांबच्याला कमी. थांबणं आणि प्रवास यांची बेरीज सगळ्यांची सारखी भरते. केंद्राच्या दृष्टीने पाहिलं तर सगळी घरं एकाच अंतरावर येऊन बसतात. अंतराची अडचण वेळ पाळून सोडवलेली आहे, तीही नॅनोसेकंदांच्या काटेकोरपणाने, आणि हे काम आपल्या टीव्हीच्या कपाटात पडलेला एक स्वस्तातला डबा करतो. आपल्याच शहरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉन गोल गोल धावडवणारं यंत्र आहे. त्याचा परीघ सुमारे १७२ मीटर, आणि प्रकाशाच्या जवळपास वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन अर्ध्या मायक्रोसेकंदाहून किंचित जास्त वेळात त्याची एक फेरी पुरी करतो. तिथेही सगळा खेळ नेमक्या क्षणी नेमक्या जागी पोहोचण्याचा. विज्ञान प्रदर्शनात मुलांना सिंक्रोट्रॉनबद्दल सांगतो तेव्हा मी घरच्या डब्याबद्दलही सांगतो.

यातला एक बारकावा मला विशेष आवडतो. काच तापली की तिचा अपवर्तनांक किंचित वाढतो आणि प्रकाश किंचित रेंगाळतो. इंदुरात मे महिन्यात खांबांवरून गेलेली दहा किलोमीटरची तार पहाटेपेक्षा दुपारी वीस अंशांनी तापली, तर प्रकाशाला काही नॅनोसेकंद जास्त लागतात. बिटांच्या भाषेत हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून केंद्र एकदा मोजून गप्प बसत नाही. प्रत्येक डब्याचं बोलणं अपेक्षित क्षणी येतंय का यावर ते सतत लक्ष ठेवतं आणि त्याचा थांबण्याचा आकडा बदलत राहतं.

आता मूळ भीतीकडे येऊ. गल्लीची लाईट जाते तेव्हा बत्तीसच्या बत्तीस डबे एकदम बंद होतात, आणि परत आली की सगळे एकदम जागे होतात. हजेरीच्या त्या शांततेत सगळे एकाच क्षणी ओरडू नयेत म्हणून प्रत्येक डबा उत्तर देण्याआधी मनाने निवडलेला ० ते ४८ मायक्रोसेकंदांचा जास्तीचा वेळ थांबतो. तरीही दोघांची टक्कर झालीच तर पुढच्या हजेरीत पुन्हा प्रयत्न होतो. जे जाळं अख्ख्या गल्लीचं एकदम उठणं सांभाळतं, त्याला आपल्या एका घरच्या खटक्याने काय होणार? आणि डबा बंद होताना कंपनीला तो तुटल्यासारखा वाटतो, हेही बहुधा खरं नाही. वीज गेल्याचं कळताच डबा कपॅसिटरमध्ये उरलेल्या विजेवर, काही मिलिसेकंदांत, एक शेवटचा निरोप पाठवतो: माझी वीज गेली. फायबर कापलं गेलं तर हा निरोप येत नाही. केंद्रात बसलेल्या माणसाला या दोन्हींतला फरक असा कळतो.

मग सकाळी इंटरनेट यायला दोन मिनिटं का लागतात? रेंजिंग काही सेकंदांतच उरकतं. बाकी वेळ डब्यातला छोटा संगणक सुरू होण्यात, कंपनीकडून सेटिंग घेण्यात आणि इंटरनेटवरचा पत्ता मिळवण्यात जातो.

ही सूचना आली कुठून, याचंही कारण आहे. २००५ च्या सुमारास आपल्याकडे ब्रॉडबँड आलं ते टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरून. तिथे मोडेम चालू होताना तारेवर किती गोंगाट आहे हे तपासून वेग ठरवायचा. ब्रिटनसारख्या देशांत कंपन्यांची यंत्रणा वारंवार तुटणारी लाईन खराब समजून तिचा वेग आपोआप कमी करायची. त्या लाईनसाठी 'सारखं बंद करू नका' हा सल्ला योग्यच होता. तांबं गेलं, सल्ला मागे राहिला.

डब्याच्या आयुष्याचं काय? इथे उष्णता महत्त्वाची. अ‍ॅडॅप्टरमध्ये इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर असतो आणि बहुधा तोच आधी दगा देतो. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी उतरलं की त्याचं आयुष्य दुप्पट होतं. १०५ अंशांवर २,००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांवर ३२,००० तास टिकेल, म्हणजे चोवीस तास चालवला तर साडेतीन वर्षांहून थोडा जास्त. रोज ८ तास बंद ठेवला तर साडेपाच वर्षांच्या आसपास. पण तोच अ‍ॅडॅप्टर बंद कपाटातून बाहेर काढून १० अंश थंड ठेवला, तर चोवीस तास चालूनही सात वर्षं. त्यामुळे आधी डबा टीव्हीच्या कपाटातून आणि सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावरून काढा. खटक्याचा विचार नंतर.

मे-जूनच्या वादळी संध्याकाळी मात्र बंद करण्याला पर्याय नाही, आणि तेव्हा खटका पुरेसा नाही. आपल्या भिंतीवरचा खटका फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. शिवाय खटक्यातली फट काही मिलिमीटरचीच, विजेच्या झटक्याचे हजारो व्होल्ट ती ओलांडू शकतात. गडगडाट सुरू होण्याआधीच अ‍ॅडॅप्टर सॉकेटातून उपटून ठेवा. काच वीज वाहून नेत नाही, पण बाहेरून येणाऱ्या काही ड्रॉप केबलमध्ये आधाराला पोलादी तार असते. आणि जिथे केबलवाल्याने गच्चीवरच्या स्विचपासून घरात तांब्याची लॅन वायर टाकली आहे, तिथे खरा धोका त्या वायरीतून. तीही काढा.

किरणांबद्दल. वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींतल्या एका फोटॉनची, म्हणजे एका ऊर्जाकणाची, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या लाखाव्या भागाएवढी असते. अणूतून इलेक्ट्रॉन उडवायला काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. मध्ये लाखोंचं अंतर आहे. किरणांच्या भीतीने रात्री वायफाय बंद करणारे बहुतेक लोक मोबाईल उशाशीच ठेवतात. वायफाय गेल्यावर तो फोन कित्येकशे मीटरवरच्या टॉवरशी बोलू लागतो, आणि त्यासाठी खोलीतल्या वायफायशी बोलताना लागते त्याहून बरीच जास्त शक्ती लावू शकतो. भीती खरी मानली, तरी उपाय उलटा झाला. डब्याला चिकटवायच्या 'रेडिएशनरोधक' चिपा विकल्या जातात, त्यांवर एक रुपयाही घालवू नये. त्यांनी खरोखर लहरी अडवल्या असत्या तर त्या खोलीत वायफायच चाललं नसतं.

काही घरांनी डबा बंद करूच नये. फायबरवरच लँडलाईन असेल आणि घरी म्हातारे आई-वडील एकटे असतील, तर रात्री छातीत दुखायला लागल्यावर तो फोन चालू सापडला पाहिजे. ज्यांच्या घरात मोबाईलला सिग्नल नसतो आणि फोन वायफायवरूनच लागतो, त्यांचंही तेच. दारावरचा कॅमेरा इंटरनेटवर असेल तर तो रात्रीसाठीच बसवलेला असतो. सुरक्षेच्या त्रुटी बुजवणारे बदल कंपन्या बऱ्याचदा मध्यरात्रीनंतर डब्यात घालतात, म्हणून रोज बंद करणाऱ्यांनी आठवड्यातून एखादी रात्र तो चालू ठेवावा. आणि दिवे नेहमीपेक्षा वेगळ्या तालात लुकलुकत असतील, तर ते थांबेपर्यंत खटक्याला हात लावू नये.