हंटिंग्टन आजाराची जनुकीय चाचणी : रक्ताचा नमुना देण्यापूर्वी कृपया वाचावे

साखर किंवा थायरॉइड तपासायला आलेल्या ग्राहकाने डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की आमच्या प्रयोगशाळेत लगेच रक्त घेतले जाते. कोणतेही लक्षण नसलेली व्यक्ती हंटिंग्टन आजाराच्या चाचणीसाठी आली, तर मात्र जनुकीय समुपदेशन झाल्याची नोंद पाहिल्याखेरीज आम्ही नमुना घेत नाही. काही ग्राहकांना ही अडवणूक वाटते, म्हणून त्यामागची कारणे येथे देत आहोत.

हंटिंग्टन हा मेंदूतील पेशी हळूहळू नष्ट करणारा आनुवंशिक आजार आहे. अमेरिकेतील जॉर्ज हंटिंग्टन या अवघ्या २२ वर्षांच्या डॉक्टरांनी १८७२ मध्ये त्याचे नेमके वर्णन केले. त्यांचे आजोबा आणि वडीलही लाँग आयलंडवर वैद्यकी करत असल्यामुळे एकाच घराण्यातील अनेक पिढ्यांचे रुग्ण त्यांना ठाऊक होते. लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान दिसू लागतात. हातापायांच्या आपोआप होणाऱ्या हालचाली चटकन नजरेत भरतात, परंतु चिडचिड, औदासीन्य आणि नेहमीच्या कामांची आखणी न जमणे हे बदल कित्येकदा त्याच्या बरेच आधी सुरू झालेले असतात. पुढे चाल अडखळते, बोलणे जड होते, आणि मग शेजारीपाजारी त्या माणसाला दारुडा ठरवतात किंवा घरचेच बाहेरची बाधा समजून देवऋषाकडे नेतात. यात रुग्णाची जी वर्षे उपचारांविना जातात, त्यांचे आम्हाला मनापासून वाईट वाटते.

या आजाराचे जनुक चौथ्या गुणसूत्रावर असते. व्हेनेझुएलातील माराकाइबो सरोवराकाठच्या बाधित कुटुंबांनी दिलेल्या रक्तनमुन्यांचा शोधकार्यात मोठा वाटा होता, आणि १९९३ मध्ये ते जनुक नेमके सापडले. त्यात ‘सीएजी’ हा डीएनएचा तीन अक्षरी तुकडा सलग किती वेळा आला आहे, हेच आमच्या अहवालात लिहिलेले असते. ही संख्या २६ किंवा त्याहून कमी असेल तर ती सामान्य होय. ४० किंवा अधिक असल्यास सर्वसाधारण आयुर्मानात आजार होतोच, तर ३६ ते ३९ असल्यास तो होईल किंवा होणारही नाही. २७ ते ३५ संख्या असलेल्या व्यक्तीला सहसा आजार होत नाही, मात्र पुढच्या पिढीत, विशेषतः वडिलांकडून जनुक येताना, संख्या वाढू शकते.

आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल, तर प्रत्येक अपत्याला, मग तो मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता ५० टक्के असते. थोरल्याला झाला म्हणून धाकटी सुटली, असे होत नाही. नात्यातले लग्न, गोत्र, पत्रिका किंवा सुनेचा पायगुण यांचा याच्याशी काहीही संबंध नाही.

आज हा आजार मुळापासून बरा करणारे औषध उपलब्ध नाही. टेट्राबेनाझिनसारख्या औषधांनी हालचाली कमी होतात, मात्र त्यानेच नैराश्य वाढू शकते, म्हणून मात्रा न्यूरोलॉजिस्टच्या देखरेखीखालीच ठरावी लागते. व्यायामोपचार, गिळण्याच्या त्रासावर वेळीच मार्गदर्शन आणि वजन घटू नये म्हणून भरपूर उष्मांकांचा आहार यांचा खरा उपयोग होतो. या आजारात आत्महत्येचा धोका वाढलेला असतो. मनात तसे विचार येत असतील तर टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर ताबडतोब बोलावे.

निरोगी माणसाच्या हाती असा अहवाल पडला की तो परत घेता येत नाही, आणि आजोबांना आजार असेल तर नातवाच्या अहवालातून कधी कधी त्याच्या वडिलांचेही भवितव्य उघड होते. म्हणून लक्षणे नसलेल्या, १८ वर्षांखालील मुलांची ही चाचणी आम्ही करत नाही. लग्न जुळवताना समोरच्या घरच्यांनी आग्रह धरला, एवढ्यावरूनही करत नाही. माहीत करून न घेण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. अपत्याचा विचार करणाऱ्या दाम्पत्यांनी समुपदेशकांशी गर्भधारणेपूर्वीच बोलावे. गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रांत जनुकीय आजारांसाठी गर्भाची तपासणी करता येते.

अहवाल आम्ही व्हॉट्सॲपवर पाठवत नाही, तसेच नातेवाइकांच्या हातीही देत नाही. तो बंद पाकिटात तुमच्या समुपदेशकांकडे जातो आणि ते तो तुम्हाला समक्ष समजावून सांगतात. नमुना देण्यासाठी उपाशी राहण्याची गरज नाही. येताना विश्वासातील एका व्यक्तीला सोबत आणावे.