११४ की १३०? आधी नळी मोजा

पंधरा-वीस हजारांत टेलिस्कोप शोधायला बसलं की सात-आठ मॉडेल समोर येतात आणि सगळी सारखीच दिसतात, ७०/७००, ७६/७००, ११४/९००, ११४/१०००, १३०/६५०, मग दोन आठवडे नुसते टॅब उघडे राहतात. पहिला आकडा पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास, दुसरा फोकल लेंग्थ (किरण एका जागी येईपर्यंतचं अंतर), दोन्ही मिलिमीटरमध्ये. खोक्यावर मोठ्या अक्षरात '५२५ पट' छापलेलं असतं ते सोडून द्या. येतं कुठून ते मात्र बघा: ७०० ला ४ मिमीच्या आयपीसने (डोळा लावायच्या भिंगाने) भागलं की १७५, त्यावर तीनपट बार्लो (पट वाढवणारं जादा भिंग) लावली की ५२५. गणित चुकलेलं नाही, पण ७६ मिमीचा आरसा फार तर दीडशे पटीपर्यंत धड दाखवतो (ढोबळ नियम, व्यासाच्या दुप्पट), त्यापुढे चंद्र मोठा होतो खरा पण अंधारलेला आणि पुसट. गॅलिलिओने १६१० मध्ये गुरूचे चंद्र बघितले ते साधारण वीस पटीतून.

७० आणि ७६ मध्ये तर गंमतच आहे. ७६ जास्त म्हणून तोच घेतात लोक, पण तो आरशाचा, म्हणजे मध्ये छोटा दुसरा आरसा येतो, तो थोडा प्रकाश अडवतो, वर दोन्ही साध्या आरशांवरून उडी मारताना साधारण पाचवा हिस्सा प्रकाश गळतो. ७० मिमीच्या भिंगातून एवढं जात नाही, त्यामुळे डोळ्यापर्यंत जवळपास तेवढाच, कधी जास्तच प्रकाश येतो. शिवाय भिंगवाल्याला आरसे जुळवायची कटकट नाही. या दोघांत मी डोळे मिटून ७०/७०० म्हणेन.

खरा घोळ ११४/१००० मध्ये आहे. फोकल लेंग्थ एक मीटर, मग नळी पण साधारण तेवढी लांब पाहिजे ना? साध्या न्यूटोनियनमध्ये, म्हणजे दोन आरशांच्या दुर्बिणीत, असतेच. पण फोटोत नळी अर्ध्या मीटरची दिसत असेल तर समजायचं की फोकसरच्या (आयपीस बसवून मागेपुढे करायच्या भागाच्या) आत एक जादा भिंग बसवलंय जे फोकल लेंग्थ ताणतं. याला बर्ड-जोन्स म्हणतात. डिझाइन मुळात वाईट नाही, पण ते भिंग चांगलं असावं लागतं आणि या किमतीत सहसा ते नसतं, आरसे जुळवताना पण तेच मध्ये येतं. शनी दिसतो पण कडा काही केल्या शार्प होत नाही आणि माणूस रात्रभर फोकसचा नॉब फिरवत बसतो. म्हणून टेप घ्या, नाहीतर लिस्टिंगमधली नळीची लांबी वाचा.

११४/९०० मध्ये ही भानगड नाही, आरसा साधा गोलाकार (चेंडूसारख्या वक्रतेचा) असला तरी एवढ्या लांब फोकसला चालून जातो. १३०/६५० मध्ये मात्र आरसा पॅराबोलिक (मध्ये किंचित जास्त खोलगट) आहे असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, फोकस आखूड असल्यामुळे गोलाकार आरशाने कडेचे आणि मधले किरण एका जागी येतच नाहीत. प्रकाशाचं म्हणाल तर १३० मध्ये ११४ पेक्षा तीस टक्के जास्त, ऐकायला भारी, पण ठाण्याच्या आकाशात देवयानी दीर्घिका (शेजारची आकाशगंगा) दोन्हीतून पांढरट डागच दिसणार. म्हणजे या दोघांत आकड्यांवर भांडण्यापेक्षा खाली स्टँड काय आहे ते बघा.

स्टँडबद्दल कुणी विचारतच नाही. दीडशे पटीला गुरू सव्वा मिनिटात नजरेच्या बाहेर जातो, कारण पृथ्वी फिरते, म्हणजे दर मिनिटाला नळी हलवायची आणि हलवली की हलक्या ट्रायपॉडवर सगळं थरथरतं. इक्वेटोरियल स्टँड यावरच उपाय म्हणून विकतात, एक नॉब फिरवला की झालं, पण त्याचा अक्ष ध्रुवाकडे लावावा लागतो आणि ध्रुव आपल्याकडे क्षितिजापासून फक्त १९ अंशांवर, हात लांब करून दोन मुठी. घोडबंदरला जमिनीवर उभे राहिलात तर शंभर मीटरवरचा पंधरा मजली टॉवर त्याला सहज झाकतो, गच्चीवर गेलात तरी तिकडे धूळ आणि दिवे. वर अक्ष इतका आडवा करावा लागतो की छोट्या स्टँडचं तोल सांभाळणारं वजन ट्रायपॉडच्या पायाला जाऊन धडकतं. युरोपात ५० अंशांवर हे होत नाही, म्हणून तिकडचे रिव्ह्यू वाचून फसायला होतं.

त्यापेक्षा टेबलावर ठेवायचा डॉब्सोनियन स्टँड मला बरा वाटतो. जॉन डॉब्सनने १९६०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत प्लायवूड आणि पुठ्ठ्याच्या नळ्या घेऊन हा प्रकार लोकप्रिय केला, गोल फिरतो, वरखाली होतो, बाकी काही नाही. डोक्यावरचं बघताना थोडा नखरे करतो आणि आपल्याकडे डोक्यावर बरंच काही असतं, २०२६ सुरू होताना गुरू मिथुन राशीत, मध्यरात्री ठाण्याच्या जवळजवळ माथ्यावर. पण तसं बारीक ट्रायपॉडवरची भिंगवाली नळी पण तेव्हा पायांना अडते. आणि बाल्कनीतून तर माथा दिसतच नाही, त्यामुळे गच्चीची चावी सेक्रेटरीकडून मिळते का हे टेलिस्कोप घ्यायच्या आधी विचारा, नंतर नको.

गच्ची नसेल आणि फक्त बाल्कनी असेल तर ७०/७००. गच्ची असेल आणि अधूनमधून मुरबाडकडे अंधारात जायची तयारी असेल तर १३०/६५० टेबलवाला, नळी आखूड असल्याने लोकलमध्ये पण मांडीवर मावते. वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे कार्यक्रम होतात, तिथे आधी दुसऱ्यांच्या दुर्बिणीतून बघून घ्या. थोडे पैसे एका बऱ्या प्लॉसल प्रकारच्या आयपीससाठी बाजूला ठेवा, खोक्यातला ४ मिमीवाला बहुतेक वेळा टाकाऊ निघतो. जून ते सप्टेंबर आकाशच नसतं, तेव्हा सिलिका जेलच्या पुड्या टाकून डबाबंद ठेवा नाहीतर भिंगावर बुरशी येते.

आणि खोक्यात आयपीसला लावायचा छोटा काळा सन फिल्टर निघाला तर मुलांच्या हाती लागायच्या आत फेकून द्या. तिथे सगळा सूर्यप्रकाश एका जागी जमतो, काच तापून तडकली तर थेट डोळा जातो. सूर्य बघायचा तर सूर्यासाठीचाच फिल्टर घ्यायचा आणि तो नळीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसवायचा, आणि वरचा छोटा फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) झाकून ठेवायचा.