वीज गेल्यानंतरची फाइल सिस्टिम तपासणी

चालू सर्व्हरची वीज अचानक गेली, तर तो पुन्हा कामाला लावण्याआधी डिस्कवरच्या फाइल सिस्टिमचा (कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे हे सांभाळणाऱ्या व्यवस्थेचा) आतला हिशेब जुळतो की नाही हे पाहावे लागते आणि न जुळेल तिथे तो दुरुस्त करावा लागतो. या कामाला फाइल सिस्टिम तपासणी म्हणतात. युनिक्स आणि लिनक्सवर हे काम एफएससीके हा प्रोग्रॅम करतो, विंडोजवर चेकडिस्क. हार्डवेअरवाल्यांच्या तोंडी ‘चेकडिस्क मारून दे’ हे वाक्य इतके बसले आहे, की लिनक्सच्या मशीनबद्दलही तेच म्हटले जाते.

ही तपासणी काय पाहत नाही, हे आधी सांगायला हवे. ती शेताच्या मोजणीसारखी आहे. मोजणीला आलेला माणूस हद्दी पाहतो, नकाशाशी ताडून खुणा रोवतो आणि एकाच तुकड्यावर दोघांनी हक्क सांगितला असेल तर ते दाखवतो. शेतात उभे पीक चांगले आहे की करपले, हे त्याच्या कामात येत नाही. एफएससीके तसेच आहे. फाइलच्या आतला मजकूर बरोबर आहे की नाही हे त्याला कळत नाही, कळण्याची सोयही नाही. पडद्यावर ‘क्लीन’ आले म्हणजे हद्दी जुळल्या, एवढाच त्याचा अर्थ.

नुकसान कसे होते

एखाद्या फाइलमध्ये चार ओळी वाढवल्या, तरी डिस्कवर निदान तीन ठिकाणी लिहावे लागते. मजकूर ज्या ब्लॉकमध्ये, म्हणजे डिस्कच्या ठरावीक मापाच्या तुकड्यात, जातो तो ब्लॉक, त्या फाइलचा आकार आणि ब्लॉकांचे पत्ते ठेवणारा आयनोड, आणि कोणते ब्लॉक मोकळे आहेत हे सांगणारा नकाशा. फाइल नवी असेल तर डिरेक्टरीतली नावाची नोंद ही चौथी जागा. ही लिखाणे एकाच क्षणी होत नाहीत. लिनक्स बदललेला मजकूर आधी मेमरीत ठेवतो आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये तो तिथे ३० सेकंदांपर्यंत पडून राहू शकतो. पुढे डिस्कची स्वतःचीही कॅशे मेमरी असते. डिस्क ‘लिहिले’ म्हणते तेव्हा ते कधी कधी या कॅशेतच असते, तबकडीवर नाही. नेमकी याच मधल्या वेळात लाइन गेली, तर ब्लॉक नकाशात ‘वापरात’ दिसतो पण कोणत्याच फाइलचा नसतो. किंवा उलटे, आणि ते अधिक वाईट: फाइल ज्या ब्लॉकवर हक्क सांगते तो नकाशात मोकळा दिसतो, आणि उद्या तिथे दुसरीच फाइल लिहिली जाते.

यावर जर्नल हा उपाय आला. नागपूरच्या इतवारीतल्या जुन्या पेढीवर ज्याने वह्या पाहिल्या आहेत त्याला तो समजावून सांगावा लागत नाही. व्यवहार आधी कीर्दीत उतरवायचा, मग सवडीने खतावणीत. मुनीमजी खतावणी करता करता मध्येच उठले, तर कीर्द उघडून राहिलेल्या नोंदी पुऱ्या करता येतात. जी नोंद कीर्दीतच अर्धी आहे ती सोडून द्यायची. जर्नल असलेली फाइल सिस्टिम वीज आल्यावर हेच करते आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत उभी राहते. मात्र ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल सिस्टिमच्या नेहमीच्या पद्धतीत जर्नलमध्ये फक्त हद्दींच्या नोंदी जातात, मजकूर जात नाही. त्या नोंदीही साधारण दर ५ सेकंदांनी पक्क्या होतात.

थोडा इतिहास

१९७९ सालच्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये आयचेक, डीचेक आणि एनचेक असे वेगवेगळे प्रोग्रॅम होते. कोणता केव्हा चालवायचा आणि निघालेल्या चुकांचे काय करायचे, हे चालवणाऱ्याने ठरवायचे. ही कामे एकत्र बांधून स्वतः दुरुस्ती करणारा एफएससीके टी. जे. कोवाल्स्की यांनी लिहिला. पुढे मार्शल कर्क मॅक्युसिक यांनी तो बर्कलेच्या फाइल सिस्टिमसाठी नव्याने घडवला. लिनक्सची ईएक्सटी२ १९९३ साली आली. तिला जर्नल नव्हते, त्यामुळे वीज गेली की पुढच्या बूटला, म्हणजे मशीन पुन्हा सुरू होताना, पूर्ण तपासणी ठरलेली. डिस्क मोठ्या होत गेल्या तशी ती वाट असह्य झाली. २००१ साली जर्नल असलेली ईएक्सटी३ मुख्य लिनक्समध्ये आली आणि २००८च्या अखेरीस ईएक्सटी४ वापरासाठी पक्की ठरली. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये १९९३पासूनच जर्नल आहे. झेडएफएस ही फाइल सिस्टिम प्रत्येक ब्लॉकचा चेकसम, म्हणजे मजकुरावरून काढलेला पडताळ्याचा आकडा, ठेवते, म्हणून तिला वेगळा एफएससीके नाही. तिथे ‘स्क्रब’ चालवतात, आणि तो मजकुरातला बिघाडही पकडतो, जे वर सांगितलेल्या बाकीच्यांना जमत नाही.

नागपूरचा उन्हाळा

नागपुरात हा विषय मे महिन्यात अंगावर येतो. पारा ४५ अंशांकडे सरकतो, घराघरांत कूलर दिवसरात्र चालतात, लाइनवरचा भार वाढतो. त्यात संध्याकाळी आभाळ भरून येते, वारा सुटतो, कडुनिंबाच्या फांद्या तारांवर पडतात. अशा वेळी लाइन एकदा जाऊन एकदा येत नाही. ती येते, दोन मिनिटे टिकते, पुन्हा जाते. सर्व्हरला पहिल्या जाण्यापेक्षा हे येणे-जाणे जास्त घातक असते.

कारण साधे आहे. पुष्कळ सर्व्हरच्या बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ असे सेटिंग असते. लाइन येताच मशीन उठते, तपासणी सुरू होते, दुरुस्तीचे लिखाण डिस्कवर उतरू लागते आणि तेवढ्यात लाइन पुन्हा जाते. नागपुरासारख्या ठिकाणी लहान ऑफिसातल्या सर्व्हरला हे सेटिंग बंदच असावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मशीन माणसाने सुरू करावे, आणि लाइन अर्धा तास सलग टिकल्यावर करावे.

दुसरी गोष्ट यूपीएसची. त्यातल्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते. त्यावर दर ८ ते १० अंशांना ते निम्म्यावर येते, असा साधारण हिशेब आहे. आपल्याकडे यूपीएस कुठे ठेवलेला असतो? दुकानाच्या पोटमाळ्यावर, जिन्याखाली, झेरॉक्सच्या मशीनमागे. बॅटरी संपली आहे हे तिथे कोणाला कळत नाही. हिरवा दिवा लागलेला असतो आणि लाइन गेली की सर्व्हर दहा सेकंदांत आडवा होतो.

धंतोलीतला एक प्रसंग

धंतोलीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी स्वतः पाहिलेले सांगतो. संध्याकाळी सातच्या सुमाराला वादळात लाइन तीनदा गेली-आली. लिनक्सचा सर्व्हर बूट होताना थांबला आणि पडद्यावर ओळ आली: ‘अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी; रन एफएससीके मॅन्युअली’. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. काउंटरवरची ताई दर पाच मिनिटांनी आत डोकावून विचारत होती, “दादा, काहून बंद आहे अजून? रिपोर्ट केव्हा निघतील?” सर्व्हरजवळच्या मुलाने घाईत प्रत्येक प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देणारा पर्याय लावला आणि एंटर दाबले. ओळी भराभर वर सरकू लागल्या. पंचवीस मिनिटांनी मशीन उठले, पण रिपोर्टांचा फोल्डर रिकामा होता.

मूळ दोष फाइल सिस्टिमचा नव्हता. डिस्कचे काही सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे छोटे कप्पे, वाचता येत नव्हते. डिरेक्टरीचा ब्लॉक वाचता न आल्याने एफएससीकेने तो मोडीत काढला आणि त्यातल्या फाइली पोरक्या झाल्या. त्या सगळ्या ‘लॉस्ट+फाउंड’ या फोल्डरमध्ये जाऊन पडल्या होत्या. नावे गेली, उरले आयनोडचे आकडे. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून बरे. त्या दिवसाचे रिपोर्ट मशीनमधून निघालेल्या कागदाच्या पट्ट्या जुळवत रात्री दोनपर्यंत पुन्हा भरावे लागले.

ती पडद्यावरची ओळ म्हणजे बिघाड नव्हे. बूटच्या वेळी एफएससीके फक्त निर्धोक दुरुस्त्या स्वतः करतो. जिथे काही गमावण्याची शक्यता असते तिथे तो थांबतो आणि माणसाला बोलावतो. थांबणे हे त्याचे सगळ्यात मोलाचे काम आहे. बोलावलेल्या माणसाने न वाचता ‘होय’ म्हटले, की ते वाया जाते.

तपासणीचा क्रम

आधी डिस्कची प्रकृती पहावी. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ज्या ‘स्मार्ट’ नोंदी ठेवते त्यांत पेंडिंग (वाचायला अडणारे) किंवा बदललेले सेक्टर वाढलेले दिसले, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये आय-ओ एरर, म्हणजे वाचण्या-लिहिण्याच्या चुका, आल्या, तर दुरुस्तीला हात लावू नये. डीडीरेस्क्यूसारख्या प्रोग्रॅमने पूर्ण डिस्कची नक्कल दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि जे काही करायचे ते नकलेवर करावे. लॅबमध्ये एवढे झाले असते तर नावे वाचवण्याची एक संधी तरी हातात राहिली असती.

दुसरा नियम मोडला जाऊ नये असा: माउंट असलेल्या, म्हणजे वापरासाठी जोडलेल्या, फाइल सिस्टिमवर दुरुस्ती चालवायची नाही. चालू सिस्टिम एका हाताने लिहिते आहे आणि एफएससीके दुसऱ्या हाताने खोडतो आहे, यातून धड काही उरत नाही. रूट पार्टिशनसाठी (लिनक्स स्वतः ज्या भागावर आहे त्यासाठी) पेन ड्राइव्हवरून बूट करावे, किंवा बूटच्या ओळीत सक्तीच्या तपासणीचा पर्याय द्यावा.

मग आधी ‘फक्त वाच’ या पर्यायाने एक फेरी. इथे एक बारकावा आहे, जो माहीत नसेल तर घाबरायला होते. या पर्यायात जर्नल लागू केले जात नाही, म्हणून जर्नलने सहज मिटले असते असे दोषही यादीत दिसतात. यादी लांब दिसली तरी ती पूर्ण खरी नसते.

ईएक्सटी४ची खरी तपासणी पाच टप्प्यांत होते. पहिल्यात सगळे आयनोड आणि त्यांचे ब्लॉक. बहुतेक वेळ इथेच जातो. एकाच ब्लॉकवर दोन फाइलींचा हक्क निघाला तर याच टप्प्याच्या जादा फेऱ्या होतात, आणि तेव्हा कोणती फाइल खरी हे माणसाने नंतर उघडूनच पाहावे लागते. दुसऱ्यात डिरेक्टरींची आतली रचना, तिसऱ्यात प्रत्येक डिरेक्टरी मुळापर्यंत पोचते की नाही, चौथ्यात दुव्यांची (एका फाइलकडे किती नावे बोट दाखवतात याची) मोजदाद, पाचव्यात मोकळ्या-भरलेल्या ब्लॉकांचे नकाशे. पाचव्यातल्या चुका वीज गेल्यावर नेहमीच्या असतात, त्यांची धास्ती नको. पहिल्या आणि दुसऱ्यातल्या चुका दिसल्या तर मात्र थांबून वाचावे. सुपरब्लॉकच, म्हणजे फाइल सिस्टिमची मुख्य माहिती ठेवणारा ब्लॉकच, बिघडला असेल तर त्याच्या नकला डिस्कवर असतात. ४ केबीच्या ब्लॉकांमध्ये पहिली नक्कल ३२७६८व्या ब्लॉकवर सापडते आणि तिच्यावरून तपासणी सुरू करता येते.

प्रोग्रॅम संपताना एक आकडा मागे ठेवतो. ० म्हणजे दोष नाही, १ म्हणजे दोष होते ते दुरुस्त झाले, २ म्हणजे मशीन पुन्हा सुरू करा, ४ म्हणजे दोष शिल्लक आहेत. ० आणि १ यांतला फरक वहीत लिहून ठेवावा. दर वादळानंतर १ येत असेल तर दोष डिस्कच्या कॅशेत किंवा रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) मेलेल्या बॅटरीत शोधावा.

एक्सएफएस या लिनक्सवरच्या दुसऱ्या फाइल सिस्टिमची रीत निराळी आहे. तिच्यात एफएससीके बूटच्या वेळी काहीच करत नाही. माउंट करताना लॉग, म्हणजे तिचे जर्नल, आपोआप लागू होतो. एक्सएफएस-रिपेअर चालवले आणि लॉग बाकी असेल, तर ते नकार देते आणि आधी माउंट करा म्हणते. लॉग पुसून टाकणारा पर्याय आहे, पण कीर्दीची पाने फाडून खतावणी जुळवण्यासारखे ते आहे. माउंट होतच नसेल तेव्हाच त्याकडे वळावे. विंडोजवर चेकडिस्कला सुटे तुकडे सापडले, की ते ‘फाउंड.०००’ नावाच्या फोल्डरमध्ये ठेवले जातात. तो लपलेला असतो, म्हणून अनेकांना दिसतच नाही.

‘क्लीन’नंतर

हद्दी जुळल्या, आता पीक. काही फाइली नावाने जागेवर असतात पण आकार शून्य, कारण प्रोग्रॅमने जुनी फाइल रिकामी करून नवी लिहायला घेतली आणि डिस्कवर पोचायच्या आत लाइन गेली. एफएससीकेच्या दृष्टीने शून्य आकाराची फाइल पूर्ण वैध असते. म्हणून त्या दिवशी बदललेल्या आणि शून्य आकाराच्या फाइलींची यादी काढणे हे मी तपासणीचाच भाग मानतो.

डेटाबेसला स्वतःची कीर्द असते. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलचे इनोडीबी (त्यातला नोंदी साठवणारा भाग) सुरू होताना ती लावून घेतात. इनोडीबी तर १६ केबीचे पान अर्धेच लिहिले गेले असेल या भीतीने प्रत्येक पान आधी वेगळ्या जागी लिहून ठेवते. पण हे सगळे डिस्कने ‘लिहिले’ म्हटले ते खरे धरून चालते. म्हणून डेटाबेस उठला तरी शेवटच्या दहा नोंदी हाताने उघडाव्यात आणि कागदाशी ताडून पाहाव्यात. लॅबमध्ये शेवटचे पेशंट, कळमन्याच्या बाजारातल्या अडत्याकडे शेवटच्या पट्ट्या, शाळेत शेवटच्या पावत्या. दहा मिनिटांचे काम आहे आणि त्याला पर्याय नाही.

यूपीएसला यूएसबीची वायर असते. ती बहुतेक ठिकाणी खोक्यातच पडून असते. ती सर्व्हरला जोडून बॅटरी संपत येताच मशीन रीतसर बंद करणारा प्रोग्रॅम बसवला, तर वर लिहिलेले बरेचसे टळते. बॅटरीची खरी ताकद मात्र बसवून कळत नाही. मार्चमध्ये, कूलर माळ्यावरून उतरवायच्या आठवड्यात, एखाद्या सुटीच्या दिवशी बॅकअप घ्यावा, डेटाबेस बंद करावा, मग यूपीएसचा प्लग भिंतीतून काढावा आणि घड्याळ लावून बसावे. किती मिनिटे टिकला ते यूपीएसच्या अंगावरच खडूने तारखेसह लिहावे.