चेंडू आपल्याकडे येत नाही तेव्हा

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांत संध्याकाळी मुलं खेळायला उतरली की कुणाला तरी ऐकावं लागतं, "तुला नाही घेणार." ते मूल रडवेलं होऊन घरी येतं आणि मोठी माणसं म्हणतात, "एवढं काय त्यात? उद्या घेतील." हे उत्तर मला फार खटकतं. याच 'एवढ्याशा' गोष्टीचा मानसशास्त्राने कसून अभ्यास केला आहे.

किपलिंग विल्यम्स हे या विषयातले अमेरिकी संशोधक. एकदा ते बागेत बसले असताना एक फ्रिस्बी त्यांच्याजवळ येऊन पडली. त्यांनी ती परत फेकली, तशी खेळणाऱ्या दोघा अनोळखी माणसांनी त्यांनाही खेळात घेतलं. काही वेळाने ते दोघं पुन्हा आपापसातच खेळू लागले. एवढ्यानेच विल्यम्सना इतकं लागलं की त्यांनी त्याचा प्रयोगच बनवला. २००० साली तो संगणकावर आला. नाव सायबरबॉल. पडद्यावर तीन खेळाडू एकमेकांकडे चेंडू टाकतात, त्यातले एक तुम्ही. सुरुवातीला चेंडू एकदोनदा मिळतो, मग मिळतच नाही. खेळ संपतो काही मिनिटांत, पण तेवढ्यात आपलं कुणीतरी आहे, आपली काही किंमत आहे, गोष्टी आपल्या हातात आहेत, आपल्या असण्याला अर्थ आहे, या चारही जाणिवा घसरतात.

यापुढचे निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचे वाटतात. २००४ साली काही जणांना आधीच सांगितलं होतं की समोर माणसं नाहीत, संगणकच चेंडू टाकतो आहे. तरीही त्यांना वाईट वाटलं. २००७ च्या प्रयोगात वगळणारे खेळाडू अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेष्ट्या संघटनेचे असल्याचं भासवलं. ज्यांच्यात जावंसंही वाटू नये, त्यांनी न घेतल्याचंही दुःख झालंच. म्हणजे डंख आधी बसतो, विचार नंतर जागा होतो. माणूस हजारो पिढ्या टोळीच्या आधाराने जगला. टोळीबाहेर पडणं म्हणजे उपासमार किंवा श्वापदाच्या तोंडी जाणं, त्यामुळे ही धोक्याची घंटा जरा जास्तच हळवी राहिली असावी, असं संशोधक मानतात.

२००३ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नाओमी आयझनबर्गर यांनी सायबरबॉल खेळणाऱ्यांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. शारीरिक वेदनेच्या त्रासाशी जोडलेला एक भाग तिथेही सक्रिय दिसला. तेव्हापासून 'नकार आणि जखम मेंदूला सारखेच' असं सर्रास लिहिलं जातं. ते जपून घ्यायला हवं. तो भाग इतरही अनेक कामांत सक्रिय होतो आणि २०१४ च्या एका अभ्यासात दोन्ही वेदनांचे मेंदूतले नमुने वेगवेगळे निघाले. दुःख खरं आहे, ते सिद्ध करायला स्कॅनची गरज नाही.

समाजांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. प्राचीन अथेन्समध्ये नागरिक खापराच्या तुकड्यावर नाव कोरून एखाद्याला दहा वर्षांसाठी शहराबाहेर घालवत. १८८० साली आयर्लंडमध्ये एका जमीनदाराचा कारभारी असलेल्या कॅप्टन बॉयकॉटशी लोकांनी सगळे व्यवहार तोडले, आणि त्याचं आडनावच बहिष्काराचं नाव होऊन बसलं. तिथे दुबळ्यांनी बळवंताला वगळलं होतं. आपल्याकडे जातपंचायतींनी वाळीत टाकलेली कुटुंबं बहुधा उलट टोकाला असतात: किराणा बंद, लग्नाला कुणी नाही, मयताला खांदा नाही. महाराष्ट्राने याविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे.

पण अबोला, ग्रुपमधून परस्पर काढून टाकणं, समोरून येणाऱ्याला न पाहिल्यासारखं करणं, याला कायदा पुरा पडणार नाही. २०१२ साली विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठाच्या आवारात केलेला एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. चालणाऱ्या काही जणांकडे अनोळखी व्यक्तीने नजर मिळवून पाहिलं; काहींच्या आरपार, जणू तिथे कुणी नाहीच, असं पाहिलं. लगेच विचारल्यावर आरपार पाहिलं गेलेल्यांना जास्त तुटल्यासारखं वाटत होतं. नजर मिळालेल्यांना तसं कमी वाटलं, मग सोबत हसू असो वा नसो. आपल्या सोसायट्यांत रखवालदार, सफाई कामगार आणि घरकामाच्या ताई दिवसभर नेमक्या अशाच नजरांसमोर वावरत असतात.